मुलीचे वयात येणे आणि घराची घडण

वडील घरात नसलेल्या मुली सरासरीने थोड्या लवकर वयात येतात, असे अमेरिका, युरोप आणि न्यूझीलंडमधल्या संशोधनात गेल्या काही दशकांत वारंवार नोंदले गेले आहे. फरक असतो तो काही महिन्यांचा. २०१४ साली असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हा संबंध खरा पण क्षीण असल्याचे दिसले. तरीही आईने एकटीने वाढवलेल्या, सावत्र वडील असलेल्या, दत्तक आलेल्या किंवा आजीआजोबांकडे राहणाऱ्या मुलींच्या घरी ही माहिती पोचते ती आरोपाच्या रूपात: आई घर सोडून आली म्हणून मुलीला इतक्या लवकर पाळी आली. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे कळले की पालकांच्या हातात नेमके काय आहे तेही स्पष्ट होते.

पाळी येणे हा वयात येण्याचा बराच उशिराचा टप्पा आहे. सुरुवात मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये होते. तिथून जीएनआरएच नावाचे संप्रेरक ठरावीक अंतराने सुटू लागते, आधी फक्त रात्री झोपेत आणि पुढे दिवसाही. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी जागी होते, ती बीजकोशांना कामाला लावते आणि बीजकोश इस्ट्रोजेन तयार करू लागतात. या साखळीच्या आरंभी किसपेप्टिन नावाचे प्रथिन असते. त्याचा संदेश पोचला नाही तर मूल वयातच येत नाही, हे २००३ साली सिद्ध झाले. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक शरीरात पुरेसा साठा जमल्याचे मेंदूला कळवते. मेंदू अशा निरनिराळ्या खबरी एकत्र करून वेळ ठरवतो आणि घरातल्या ताणाची खबर ही त्यांपैकी एक असावी, असा या विषयातल्या संशोधकांचा कयास आहे.

घरच्यांना पहिली खूण दिसते ती बहुधा आंघोळीच्या वेळी. स्तनाग्राच्या मागे बटणाएवढी, टणकशी गाठ हाताला लागते. ती पुष्कळदा आधी एकाच बाजूला येते. दप्तराचा पट्टा घासला किंवा खेळताना कोपर लागला तरी मुलगी कळवळते. काही आया कर्करोगाच्या भीतीने तिला तडक दवाखान्यात नेतात. ही गाठ म्हणजे वाढू लागलेली स्तनग्रंथी असते आणि काही महिन्यांत दुसरी बाजूही वाढू लागते. वयाच्या आठ ते तेरा वर्षांदरम्यान केव्हाही ही सुरुवात होणे स्वाभाविक मानतात. तिथून पहिली पाळी यायला साधारण दोन ते अडीच वर्षे लागतात. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ पाळीच्या आधी येऊन गेलेला असतो. पाळीनंतर बहुतेक मुलींची उंची आणखी पाच ते सात सेंटिमीटरच वाढते.

हे वय पिढ्यांगणिक खाली आले आहे, आणि त्याचा घराच्या घडणीशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर युरोपात पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी येत असे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेराच्या आसपास आले. पोटभर अन्न आणि कमी झालेले आजार ही त्यामागची मुख्य कारणे. भारतातली घट बरीच सावकाश आहे. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या आकडेवारीनुसार १९५५ ते १९६४ या काळात जन्मलेल्या स्त्रियांना सरासरी १३.८३ व्या वर्षी पहिली पाळी आली होती, तर १९८५ ते १९८९ मध्ये जन्मलेल्यांना १३.६२ व्या वर्षी. कोपनहेगनमधल्या मुलींत तर एक वेगळीच गोष्ट आढळली. १९९१-९३ आणि २००६-०८ या दोन मोजण्यांदरम्यान स्तनवाढ सुरू होण्याचे वय जवळजवळ एका वर्षाने अलीकडे आले, पण पाळीचे वय जेमतेम तीन-चार महिन्यांनी. त्यामुळे ‘हल्ली मुली फार लवकर मोठ्या होतात’ या तक्रारीत स्तनवाढ आणि पाळी यांची गल्लत करू नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलीत पहिली खूण दिसली म्हणजे लगोलग पाळी येणार, असे होत नाही.

घराच्या घडणीचा मुद्दा सिद्धांताच्या रूपात मांडला तो संशोधक जे बेल्स्की, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि पॅट्रिशिया ड्रेपर यांनी, १९९१ साली. त्यांचे म्हणणे असे: पहिल्या पाच-सात वर्षांत मूल आपल्या भोवतालचा अंदाज घेत असते. माणसे भरवशाची आहेत का, नाती टिकतात का, वाट्याला येणारे अन्न आणि माया पुरेशी आहे का, हे ते अनुभवातून शिकते. जिथे काहीच शाश्वत नाही तिथे शरीर वाट पाहत बसत नाही, प्रजननक्षम होण्याची घाई करते. उत्क्रांतीच्या ओघात ही घाई टिकून राहिली असावी. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातल्या मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली मुले जन्मापासून नियमित तपासली जात असल्याने माहिती विश्वासार्ह होती. घरात सतत भांडणे असलेल्या आणि वडील नसलेल्या मुलींना पाळी जरा लवकर आली होती, मात्र परिणाम लहान होता. त्यानंतर अमेरिकेत हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणाऱ्या एका प्रकल्पात असे आढळले की साडेचार वर्षांच्या वयात आई फार कठोरपणे वागत असेल, तर त्या मुलींना पाळी लवकर येते.

ज्या प्रसंगांत मुलांना घरापासून तोडले गेले त्यांतूनही काही कळते. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडमधली हजारो मुले आईवडिलांशिवाय स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या अनोळखी कुटुंबांत पाठवली गेली. हेलसिंकीत जन्मलेल्यांच्या पुढच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशी ताटातूट अनुभवलेल्या मुलींना पाळी लवकर आल्याचे दिसले. सर्वांत ठळक परिणाम आढळतो तो लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींमध्ये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा मुली इतरांपेक्षा आठ महिने ते एक वर्ष आधी वयात येऊ लागल्याची नोंद आहे. २०२० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा एक महत्त्वाचा भेद पुढे आला. हिंसा आणि भीती यांचा लवकर वयात येण्याशी संबंध दिसतो; गरिबी आणि हेळसांड यांचा तसा दिसत नाही. उपासमार तर वय लांबवते. म्हणजे घरात पैसे कमी आहेत याने मुलीच्या शरीराला घाई होत नाही. घरात मारहाण आहे, याने होऊ शकते.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो पालकांनी नीट समजून घ्यावा. पाळीच्या वयातला निम्मा किंवा त्याहून अधिक फरक जनुकांमुळे पडतो. जिला स्वतःला लवकर पाळी आली अशी स्त्री सरासरीने लवकर जोडीदार निवडते, लवकर आई होते, आणि लहान वयात जुळलेली नाती मोडण्याचे प्रमाणही जास्त असते. तिच्या मुलीला लवकर पाळी येण्याचा कल तिच्याकडूनच मिळतो. अशा घरात वडील नसणे आणि मुलगी लवकर वयात येणे या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, पण एकीमुळे दुसरी घडलेली नसते. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या बहिणींच्या मुलींची तुलना करून हे तपासले गेले. मावसबहिणींपैकी एकीच्या घरी सावत्र वडील होते, दुसरीच्या घरी नव्हते. दोघींच्या पाळीच्या वयात फरक आढळला नाही. दुसऱ्या बाजूने, २००८ मध्ये न्यूझीलंडमधल्या सख्ख्या बहिणींचा अभ्यास झाला. आईवडील वेगळे झाले तेव्हा धाकटी लहान असते, त्यामुळे वडिलांविना तिची जास्त वर्षे जातात. ज्या घरांत वडील व्यसनी, हिंसक किंवा गंभीर मानसिक अडचणीत होते आणि लहानपणी तो काळ धाकटीच्या वाट्याला आला होता, तिथे या धाकट्या बहिणींना सर्वांत लवकर पाळी आली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर जनुकांचा वाटा मोठा ठरतो, आणि उरलेल्या वाट्यात वडील घरात आहेत की नाहीत यापेक्षा ते असताना घरात काय चालले होते याला अधिक वजन आहे.

हे निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. रेबेका सिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली जगभरची माहिती तपासून दाखवले की वडिलांची अनुपस्थिती आणि लवकर पाळी हा संबंध श्रीमंत पाश्चात्त्य समाजांत बऱ्यापैकी सातत्याने दिसतो, इतरत्र नाही. खुद्द अमेरिकेतही तो सरसकट नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या सहा ते आठ वर्षांच्या मुलींचा काही वर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासात वडील नसण्याचा स्तनवाढीशी संबंध फक्त जास्त उत्पन्नाच्या घरांत दिसला. याचे एक कारण सहज सुचण्यासारखे आहे: वडील घरात नसणे ही सगळीकडे एकच अवस्था नसते. कोकणातल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले आणि गणपती-शिमग्याला परतले. गोव्यातून बोटीवर आणि आखातात गेले. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या अनेक मुली सहा-सहा महिने आजीजवळ राहतात. या मुलींच्या घरी बाप नसतो, पण आजी, काकू, आत्या, चुलतभावंडे असतात, आणि बाप सोडून गेला अशी भावनाही नसते. याउलट, चारही माणसे एका छताखाली असलेल्या घरात रोज रात्री दारूवरून आरडाओरडा होत असेल, तर कागदावर पूर्ण दिसणारे ते कुटुंब मुलीसाठी सुरक्षित नसते.

दत्तक मुलींचा विषय वेगळा आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात भारतातून दत्तक गेलेल्या १०७ मुलींना पाळी येण्याचे मध्यम वय ११.६ वर्षे निघाले, तर स्वीडिश मुलींचे सरासरी वय १३ होते. सर्वांत लवकर आलेली पाळी तर आठव्या वर्षाच्या आतली होती. नव्या घराने दिलेल्या मायेत काही उणे होते, असा याचा अर्थ नाही. आयुष्याच्या आरंभी कुपोषण आणि नंतर अचानक भरपूर आहार, त्यातून झपाट्याने भरून निघालेली वाढ, हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. जन्मतः वजन कमी असलेल्या आणि नंतर भराभर अंग धरणाऱ्या मुलींतही हाच कल दिसतो. संस्थेतून किंवा अति गरीब परिस्थितीतून आलेल्या मुलीला दत्तक घेणाऱ्या पालकांनी म्हणून सहाव्या-सातव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी तिची उंची आणि वजन मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडत राहावे.

पालकांनी प्रत्यक्षात काय करावे, याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते: आईला पहिली पाळी कोणत्या वर्षी आली? मुलीच्या वेळेचा इतका चांगला अंदाज दुसऱ्या कशावरून बांधता येत नाही. आईला अकराव्या वर्षी आली असेल तर मुलीला साडेदहाव्या वर्षी येणे ही काळजीची बाब नाही, मग घरात कोण राहते आणि कोण नाही याने काही बिघडत नाही. मावशी आणि थोरल्या बहिणीचे वयही विचारून ठेवावे.

आईवडील वेगळे होत असतील तर मुलीच्या शरीरावर काय परिणाम होईल या धास्तीने हिंसक संसार रेटत राहणे हा सर्वांत वाईट पर्याय ठरतो. वर दिलेले पुरावे उलट दिशेला बोट दाखवतात. वेगळे झाल्यानंतर मुलीला लागते ती दिनक्रमाची शाश्वती: शाळा शक्यतो तीच, जेवणझोपेच्या वेळा त्याच, वडील भेटणार असतील तर ठरल्या वारी भेटणे, आणि तिच्यासमोर एकमेकांचे वाभाडे न काढणे. या काळात खाणे आणि झोप हमखास बिघडतात. एकट्या पालकाला कामावरून यायला उशीर होतो, मूल बिस्किटांच्या आणि वेफर्सच्या पुड्यांवर संध्याकाळ काढते, मोबाइल घेऊन जागत बसते, खेळायला खाली जाणे बंद होते. वजन वाढते, आणि वाढलेले वजन हे लवकर वयात येण्याचे घराच्या घडणीपेक्षा कितीतरी भक्कम कारण आहे. कोविडच्या टाळेबंदीत, मुले घरात कोंडली गेली तेव्हा, अवेळी वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे आधी इटलीतल्या आणि मग पुण्यातल्याही डॉक्टरांनी नोंदवले. संध्याकाळी तासभर मैदानावर खेळ, रात्री वेळेवर झोप आणि घरचे जेवण एवढे जमवले तरी पालकाने आपल्या हातातले बरेचसे केले, असे म्हणता येते.

घरात नवे माणूस येत असेल, मग ते सावत्र वडील असोत, आईचे मित्र असोत किंवा राहायला आलेले नातेवाईक, तर मुलीच्या सुरक्षिततेचा विचार आधी करावा. आंघोळीची आणि कपडे बदलायची तिची जागा वेगळी हवी, दाराला आतून कडी हवी, आणि नको असलेला स्पर्श झाला तर कोणाला सांगायचे ते तिला आधीच ठाऊक हवे. लवकर वयात येणे हा अत्याचाराचा पुरावा मुळीच नाही. तशी शंका कोणत्याही कुटुंबावर घेऊ नये. पण शरीरातल्या बदलांबरोबर मुलगी एखाद्या माणसाला अचानक घाबरू लागली, झोपेत दचकू लागली किंवा शाळेतून घरी यायला नाखूष असेल, तर तिच्याजवळ शांतपणे बसून विचारावे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते, आणि अत्याचार झाला असल्यास पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती देणे बंधनकारक आहे.

पाळीविषयी मुलीशी बोलणे आठव्या-नवव्या वर्षी झालेले असावे. लवकर वयात येणाऱ्या मुलीचा खरा त्रास इथेच असतो: तिच्याशी कोणी बोललेलेच नसते, कारण ती ‘अजून लहान’ असते. चौथीतल्या मुलीला वर्गात रक्त दिसले तर आपल्याला काहीतरी भयंकर लागले आहे असेच तिला वाटते. आई नसलेल्या घरात हे काम आत्या किंवा मावशीकडे सोपवून वडील मोकळे होतात. तसे करू नये. आत्याने सांगितले तरी पॅड कुठे ठेवले आहेत, पोट दुखले तर काय करायचे आणि शाळेतून घरी फोन कसा करायचा हे वडिलांना तिच्याशी संकोच न धरता बोलता आले पाहिजे. दप्तरात एक पॅड, एक जादा चड्डी आणि कागदी पिशवी ठेवावी. वर्गशिक्षिकेला कल्पना द्यावी.

लवकर वाढलेल्या मुलीला लोक तिच्या वयापेक्षा मोठी समजतात. स्वीडनमधल्या १९९०च्या एका गाजलेल्या अभ्यासात अशा मुली किशोरवयात जास्त दारू पिताना आढळल्या आणि त्यामागे त्यांच्याहून मोठ्या वयाच्या मित्रमैत्रिणींची संगत होती. डनेडिनमध्ये हाच प्रश्न मुलामुलींच्या एकत्र शाळांत दिसला, फक्त मुलींच्या शाळांत फारसा नाही. शरीर बाराचे दिसले तरी मन नऊचेच असते, हे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे: तिच्यावर धाकट्या भावंडांची जबाबदारी टाकू नये, आणि तिचे खेळणे, पळणे, झाडावर चढणे बंद करू नये. आपल्याकडे याहून गंभीर धोका लग्नाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. न्हाण आले की ‘बापाविना पोर, जबाबदारी नको’ असे म्हणत नातेवाईक स्थळे बघू लागतात, आणि एकट्या आईला त्या दबावाला तोंड देणे सर्वांत कठीण जाते. तिच्या बाजूने भक्कम उभा राहणारा एखादा मामा किंवा आजोबा मुलीचे शिक्षण वाचवू शकतो.

डॉक्टरकडे केव्हा जावे, याच्या खुणा ठरलेल्या आहेत. आठ वर्षे पूर्ण होण्याआधी स्तनवाढ दिसली, दहाच्या आत पाळी आली, किंवा एका वर्षात उंची आणि छाती भराभर वाढली, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. शक्य असल्यास मुलांच्या संप्रेरकांच्या तज्ज्ञाला. स्थूल मुलीत नुसती चरबीही स्तनवाढीसारखी दिसते. डॉक्टर हाताने तपासून तो फरक सांगतात. तेराव्या वर्षापर्यंत स्तनवाढ सुरूच झाली नाही किंवा पंधराव्यापर्यंत पाळी आली नाही, तरही तपासणी हवी. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात, रक्तातली संप्रेरके मोजतात, आणि मुलगी सहा वर्षांहून लहान असेल किंवा डोकेदुखी, नजरेचा त्रास असेल तर मेंदूचा एमआरआय करतात. गरज पडल्यास ल्यूप्रोलाइडसारखे इंजेक्शन दरमहा किंवा तीन महिन्यांनी देऊन ही प्रक्रिया थांबवता येते. अकराव्या वर्षाच्या आसपास ते बंद केले की पुढची वाढ पुन्हा सुरू होते. प्रत्येक मुलीला याची गरज नसते; सात-आठ वर्षांच्या सीमेवरच्या अनेकींत सहा महिने नुसते लक्ष ठेवणे पुरते.

वडिलांपासून दुरावलेल्या घरांना तपासणीच्या वेळी एक अडचण येते. डॉक्टर वडिलांची उंची विचारतात, ते शाळेत असताना लवकर उंच झाले की कॉलेजात गेल्यावर, हेही विचारतात, कारण मुलीच्या वाढीचा अंदाज दोन्ही घराण्यांवरून बांधावा लागतो. ही माहिती आईकडे नसते आणि विचारायला संबंध उरलेले नसतात. अशा वेळी आत्या किंवा त्या घरची आजी यांच्यामार्फत ती मिळवून मुलीच्या लसीकरणाच्या कार्डामागे लिहून ठेवावी. दत्तक मुलीबाबत संस्थेकडच्या वैद्यकीय अहवालातले जन्मवजन, घरी आली त्या दिवशीचे वजन आणि उंची, आणि जन्मतारीख अंदाजे असेल तर तसा स्पष्ट उल्लेख, एवढे कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावेत. वयच अंदाजे असेल तर ‘आठच्या आत’ ही मोजणीही अंदाजेच राहते, आणि मग हाडांच्या एक्स-रेवर आणि उंचीच्या तक्त्यावर अधिक भिस्त ठेवावी लागते.